साठाव्या दिवसाचा सत्यनारायण

गाड्यांवर परागांची पिवळी भुकटी बसायला लागली की माझं दोन प्रकारे बिनसतं. नाक वाहायला लागतं, आणि वैजूची आठवण येते. वैजू काही कुठे लांब गेलेली नाही, बरं का. इथेच अमेरिकेत, पिस्कॅटवेत, माझ्यापासून तीन रस्ते पलीकडे राहते. ओक ट्री रोडला वाणसामानाच्या दुकानात समोरासमोर आलो की "कशा आहात बाई?" म्हणते, भेंड्या निवडते आणि पुढे जाते. आमच्यात आता एवढंच उरलंय.

आज सकाळी लायब्ररीतून फोन आला. सिटिझनशिपच्या परीक्षेचा वर्ग यंदा कधी सुरू करताय, नऊ जणांनी नावं दिलीत. कळवते म्हटलं आणि ठेवून दिला. आमचे डॉक्टर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "घे की वर्ग. घरात बसून माझ्या डोक्याशी कटकट करण्यापेक्षा बरं." मग त्यांनी पेपर खाली घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

सांगलीला मी अकरा वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून चिकटवलेला विषय, वीस मार्कांचा. मुलं तो परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचत आणि खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकही त्याच्याकडे तसंच बघत असू. राष्ट्रपतींचे कोणतेही चार अधिकार लिहा. मुलं चार लिहीत, मी चार खुणा करी, विषय संपला. राष्ट्रपतींनी ते अधिकार ओलांडले तर काय, असा प्रश्न अकरा वर्षांत एकाही पोरानं विचारला नाही आणि विचारला असता तर मी "पोर्शन पूर्ण व्हायचाय, खाली बस" म्हटलं असतं. पुढे यांच्यामागोमाग इकडे आले, यांच्या दवाखान्याचं काउंटर सांभाळलं, आणि सगळं उरकल्यावर पुन्हा नागरिकशास्त्रच पदरात पडलं. लायब्ररीच्या मागच्या खोलीत, शनिवारी सकाळी दहा ते बारा. खोलीला गालिच्याचा आणि कुणीतरी आणलेल्या बटाटेवड्यांचा वास.

माझा वर्ग बघायला गोरी लायब्रेरियन दारात येऊन उभी राहायची. तिला गंमत वाटायची. पीएच. डी. झालेली माणसं, बॉयलरची डिझाइनं करून केस पिकलेले इंजिनीअर, सगळे माझ्यापुढे ओळीनं बसून पाढे म्हणावेत तशी उत्तरं म्हणायचे. मी शाळेतल्याच पद्धतीनं घेते. समजलं नाही तरी चालेल, आधी तोंडात बसू दे. "हू इज द कमांडर इन चीफ?" "द प्रेसिडेंट!" "व्हॉट इज वन पॉवर ऑफ काँग्रेस?" "डिक्लेअर्स वॉर!" काँग्रेस म्हणजे इथली संसद, आपल्याकडचा पक्ष नव्हे, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं लागतं. बाकी सेनापती कोण तर अध्यक्ष, आणि युद्ध पुकारायचं कुणी तर संसदेनं, ही दोन उत्तरं शेजारी शेजारी कशी राहतात हे मीही कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळे मार्क.

वैजू पहिल्या बाकावरची. म्हणजे तिथे बाक नव्हते, पण तिनं पहिली खुर्ची कधी सोडली नाही. अठ्ठावन्न वर्षांची बाई, चोवीस वर्षं या देशात, त्यातली निम्मीअधिक ग्रीन कार्डाची वाट बघण्यात गेलेली. तिनं उत्तरं कार्डांवर लिहून घरभर चिकटवली होती. मिसळणाच्या डब्यावर घटनादुरुस्त्या, सिंकच्या वर पहिले अध्यक्ष. "बाई, फोडणी करता करता पाच प्रश्न होतात," म्हणायची. एकुलता एक मुलगा, ओंकार, इथेच जन्मलेला. त्यानं युनिव्हर्सिटी एका वर्षात सोडली आणि नेव्हीत भरती झाला. आपल्या लोकांत हे म्हणजे काय विचारता! मंडळात बायका तिला बाजूला घेऊन विचारायच्या, "का गं, मार्क्स कमी पडले का?" तिचे यजमान, सुधीर, तर मुलाचा विषय निघाला की उठून गराजमध्ये जायचे. वैजू मात्र पर्समधून फोन काढून पांढऱ्या टोपीतला फोटो दाखवायची. "स्मार्ट दिसतो की नाही, बाई?" दिसायचाच. आईचे डोळे आणि कुणाचे कुणास ठाऊक, पण भलतेच मोठे कान.

त्या मार्चअखेरच्या शनिवारी सकाळी आम्ही वर्गात जमलो तेव्हा बॉम्ब पडायला सुरुवात होऊन सहा तास झाले होते. देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्ही हे वाचाल तोवर दुसराच कुठला तरी देश असेल, आणि वाचताना तुम्हालाही फरक पडणार नाही, ही सगळ्यात लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. ओंकारची बोट तिकडच्याच समुद्रात होती. वैजू आली, पहिल्या खुर्चीवर बसली, वही उघडली. मी नेहमीप्रमाणे सुरू केलं आणि संसदेच्या अधिकारांपाशी आले. सगळे म्हणाले, "डिक्लेअर्स वॉर!" वैजू म्हणाली नाही. तिनं हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा, कोपर दुसऱ्या हातानं धरून.

"बाई, मग केलं का त्यांनी?"

"काय?"

"डिक्लेअर. केलं का?"

मला खरं उत्तर माहीत होतं. या देशानं शेवटचं युद्ध रीतसर पुकारलं ते माझ्या जन्माच्याही आधी, आणि त्यानंतर जितकी झाली ती सगळी न पुकारताच झाली. या पक्षाचा अध्यक्ष असो की त्या, प्रत्येकानं आदल्याचं बोट धरून एक पाऊल पुढे टाकलं. एखादी परवानगी वीस वर्षांपूर्वीची शिळी काढायची, नाहीतर म्हणायचं, हे युद्ध नाहीच, मर्यादित कारवाई आहे. आमचे डॉक्टर नाही का, घर डोक्यावर घेतात आणि वर म्हणतात, "मी ओरडत नाहीये, मोठ्यानं बोलतोय." हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण वैजूचा हात अजून वर होता.

म्हणून मी फळ्याकडे वळले आणि साठ लिहिलं. म्हटलं, "हे बघ. व्हिएतनामच्या वेळी हात पोळले म्हणून यांनी कायदा केला. अध्यक्षानं परस्पर सैन्य पाठवलं तर अठ्ठेचाळीस तासांत संसदेला कळवायचं. संसदेनं परवानगी दिली नाही, तर साठ दिवसांत माघारी आणायचं. कायदाच आहे तसा."

"साठ दिवसांत आणावंच लागतं?"

"आणावंच लागतं," मी म्हणाले.

तिनं हात खाली घेतला. आत्तापर्यंत राखेसारखा झालेला तिचा चेहरा जरा माणसात आला. त्याच कायद्यात माघारीसाठी म्हणून आणखी तीस दिवसांची सवलत आहे, हे मला ठाऊक होतं. तो कायदा कुठल्याच अध्यक्षानं कधी मनापासून जुमानलेला नाही, हेही ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. का, म्हणून मी नंतर स्वतःला हजारदा विचारलंय. दया आली असं मी बरेच दिवस मानत होते. आता वाटतं, बाईंना उत्तर येत नाही असं वर्गात दिसायला नको होतं.

त्या वसंताचं मला फार काही लख्ख आठवतं आणि ते सगळं कामाचं नसलेलं आठवतं. शेजाऱ्याच्या दारची चेरी त्या वर्षी कधी नव्हे इतकी फुलली होती. ओक ट्री रोडला हापूसच्या पेट्या आल्या आणि लोक गाड्या डबल पार्क करून रांगेत उभे राहिले. टीव्हीवर ढिगारे दिसायचे, त्यांच्यावरून माणसं चालायची, एकदा एक बाई हातात नुसतं कुकरचं झाकण घेऊन जाताना दिसली. मी कढी ढवळत होते. मी ढवळणं थांबवलं नाही, हेही आठवतं. युद्ध चालू आहे असं अंगणात उभं राहून काही कळत नव्हतं. पेट्रोल थोडं चढलं, एवढंच. त्या देशातल्या बायकांनी आमच्या वसंताचं काय घोडं मारलं होतं?

मी रोज सकाळी नऊ वाजता आमच्या काँग्रेसमनच्या, म्हणजे इथल्या खासदाराच्या, ऑफिसात फोन करायची. युद्धावर मतदान घ्या, म्हणायची. एक गोड आवाजाची मुलगी घ्यायची. "थँक यू मॅम, आय विल पास इट अलाँग." दुसऱ्या आठवड्यात ती मला आवाजावरून ओळखायला लागली. चौथ्या आठवड्यात म्हणाली, "मॅम, यू रिमाइंड मी ऑफ माय ग्रँडमा." मला रडूच आलं एकदम, आणि रागही आला. मला कुणाला आजीची आठवण करून द्यायची नव्हती, मला मत हवं होतं. हो म्हणा, नाही म्हणा, पण हात वर करून म्हणा, नावानिशी म्हणा. तेच त्यांना नको होतं. हो म्हटलं आणि युद्ध अंगावर आलं तर पंचाईत, नाही म्हटलं आणि जिंकले तर पंचाईत. ठराव आला आला म्हणता म्हणता लांबला आणि मग त्यांना सुट्टी लागली.

वैजू इकडे दिवस मोजत होती. तिच्या स्वयंपाकघरात आपली तिथीवार असलेली दिनदर्शिका टांगलेली असते, तिच्यावर रोज एक फुली. एका शनिवारी वर्ग संपल्यावर तिनं पर्समधून अक्षतांची पुडी काढली आणि मला हळदीकुंकू लावून पूजेचं बोलावणं केलं. साठावा दिवस बुधवारी येत होता. तिनं दोन दिवस प्रवासाला धरले होते आणि शनिवारचा सत्यनारायण पक्का केला होता. इथे चांगले गुरुजी मिळायचे म्हणजे दोन-दोन महिने आधी सांगावं लागतं. सोमवार ते शुक्रवार ते सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात. वैजूनं फुल्यांच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांची तारीख घेऊन ठेवली होती. पस्तीस माणसांना बोलावणं. अमेरिकेच्या संसदेनं केलेल्या कायद्यावरून सत्यनारायणाचा दिवस धरणारी बाई या देशात दुसरी झाली नसेल.

तिथे तिला सांगायला हवं होतं. अगं, बोट काही टॅक्सी नाही. अगं वेडे, कायदा म्हणजे पंचांग नाही, सांगितल्या दिवशी उगवायला. माझ्या हातात अक्षता होत्या. "नक्की येते," म्हणाले. आणि खरं सांगू का, माझाही विश्वास बसत चालला होता. दर शनिवारी फळ्यावर मीच आकडा लिहीत होते, बेचाळीस, एकोणपन्नास, छप्पन्न. इतक्यांदा म्हटल्यावर स्वतःलाही खरं वाटायला लागतं. पाठांतराचा हा दोष मला शिक्षिका असून कळला नव्हता.

बुधवार आला आणि गेला. टीव्हीवर कुणी साठ हा आकडादेखील उच्चारला नाही. गुरुवारी पत्रकारानं विचारल्यावर सरकारचा वकील म्हणाला, आपल्या सैनिकांवर सध्या गोळीबार होत नाहीये, आपण फक्त वरून मारा करतोय, तेव्हा कायद्याच्या अर्थानं हा संघर्ष नव्हे आणि दिवस मोजायचा प्रश्न येत नाही. ज्यांच्यावर मारा होत होता ते त्याच्या हिशेबात कुठे नव्हतेच. त्याचा टाय फार सुंदर होता. मी टीव्हीला चप्पल फेकून मारली आणि डॉक्टरांनी ती मुकाट्यानं उचलून आणून माझ्या पायापाशी ठेवली.

शनिवारी पूजा झाली. बोलावणी गेली होती, गुरुजी आले होते, केळीचे खांब बांधले होते, कॅन्सल कसं करणार? पाटावर वैजू आणि सुधीर बसले. वैजूनं हिरवी पैठणी नेसली होती, ती नव्या कोऱ्या घड्यांसकट. कथेत नौका बुडण्याचा भाग आला तेव्हा ती उठली, "आलेच," म्हणाली आणि आत गेली. सुधीर एकटेच हात जोडून बसून राहिले. गुरुजींनी तेवढं भराभर उरकलं. प्रसादाचा शिरा मात्र अप्रतिम झाला होता आणि लोकांनी दोन-दोनदा घेतला. एकीनं विचारलंच, "ओंकार येणार होता ना?"

मी स्वयंपाकघरात गेले. वैजू ओट्याशी उभी राहून केळीच्या पानांवर प्रसाद मांडत होती. तिच्या डोक्यावर, सिंकच्या वर, पहिल्या अध्यक्षांचं कार्ड तसंच होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाई, तुम्ही सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, वळूनही बघितलं नाही. "मी यांना सांगितलं, बाईंनी सांगितलंय. हे म्हणाले, असं कुठे असतं का. मी यांच्याशी भांडले, बाई. दोन महिने भांडले."

मला वाटलं होतं, ती रडेल. रडली असती तर मी समजूत घातली असती. तिनं दहा पानं भरली, ताट उचललं आणि बाहेर गेली. पुढच्या शनिवारपासून पहिली खुर्ची रिकामी होती.

परीक्षा ती पास झाली. हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. एकही उत्तर चुकलं नाही म्हणे, ऑफिसरनं कौतुक केलं. माझ्या विद्यार्थ्यांपैकी आजवर कुणीच नापास झालेलं नाही. लायब्ररीनं मला त्याबद्दल एक रोपटं दिलं, ते खिडकीत आहे. मी पाणी घालते.

राज्यघटना लिहिणारी माणसं काही देवमाणसं नव्हती, त्यांच्या शेतांवर गुलाम राबत होते. पण एवढं त्यांना पक्कं कळलं होतं की एका माणसाच्या हातात लढाई दिली तर तो ती करणार. हातात आहे म्हणून करणार, चिडला म्हणून करणार, घरच्या भानगडी झाकायला करणार. म्हणून त्यांनी लढाईची किल्ली मुद्दाम गर्दीच्या हातात दिली, वाद घालणाऱ्या, वेळकाढू, कुरकुरणाऱ्या गर्दीच्या. उशीर व्हावा हाच हेतू होता. आता गर्दीनंच किल्ली देऊन टाकली आहे आणि परत मागायची तिची हिंमत नाही. न्यायालयात जावं तर न्यायालय बहुधा म्हणतं, तुमचं तुम्ही बघा. मतदान करून बदलावं म्हणावं, तर मी दर वेळी करते, रांगेत उभी राहून, गुडघे दुखत असताना. माणूस बदलतो, हात तेवढाच लांब राहतो. माझ्या नागरिकशास्त्रात यापुढचा धडा नाही.

एवढे दिवस मी समजत होते, ही मर्यादा आहे ती अध्यक्षाला अडवण्यासाठी आहे. तिचा दुसरा उपयोग मला ओंकारनं सांगितला.

तो ऑगस्टमध्ये दोन आठवड्यांच्या रजेवर आला. एका दुपारी फोन न करता माझ्याकडे आला, आणि त्याच्यामागून वैजू. तिला यायचं नव्हतं हे दिसत होतं, पण त्याला एकट्याला कुठे सोडत नसावी. मी मागच्या डेकवर टोमॅटो खुडत होते. तो खुर्चीत बसला. बारीक झाला होता. मी सरबत आणलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं.

"काकू, आई म्हणते यू टीच धिस स्टफ. एक विचारू?"

"विचार की रे."

"काँग्रेसमध्ये आमचं व्होट झालं होतं का? फॉर व्हॉट वी डिड. तिकडे न्यूज फारशी कळत नव्हती. आल्यावर मी ऑनलाइन बघितलं, मला सापडलं नाही. मला वाटलं, मी नीट सर्च केलं नसेल."

"नाही झालं," मी म्हणाले.

"नंतरही नाही?"

"नाही रे."

शेजारी कुणीतरी गवत कापत होतं. मग त्यानं ग्लास खाली ठेवला आणि हळू, समजावून सांगितल्यासारखं बोलायला लागला. "म्हणजे बघा काकू. माझी वॉच होती, ड्यूटी. मी लाँच केलेली एक मिसाइल कुठे गेली ते मला माहितीये, मी नंतर फोटो बघितला. आय नो व्हॉट दॅट बिल्डिंग वॉज. ओके. पाचशे पस्तीस लोक आहेत तिथे काँग्रेसमध्ये, राइट? त्यांनी येस म्हटलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, आपण सगळ्यांनी केलं. होल कंट्री. माझ्या वाट्याला थोडंसं आलं असतं. नो म्हटलं असतं तर मी, आय डोन्ट नो, मी कुणाला तरी विचारलं असतं. पण कुणीच काही म्हटलं नाही." त्यानं माझ्याकडे बघितलं. आईचेच डोळे. "मग येस कोण म्हणालं, काकू? मीच ना?"

नाही रे बाळा, तुझा काय दोष, तू हुकूम पाळलास, हे सगळं तोंडापर्यंत आलं. पण याआधी एकदा एका माणसाला बरं वाटावं म्हणून मी बोलले होते.

वैजू उठली, त्याच्या मागे उभी राहिली आणि लहानपणी घेत असेल तसं त्याचं डोकं तिनं पोटाशी धरलं. ओंकारनं तिचे हात एक एक करून सोडवले. खूप हळू, तिला लागू नये असे.

"नको आई," तो म्हणाला. "आत्ता नको हात लावूस मला."